‘बाकी काही गोळ्या चालू नाहीत ना?’

डॉक्टरांनी बॅग उघडता उघडता विचारलं, ‘बीपीची आणि गुडघ्याची सोडून आजींना बाकी काही गोळ्या चालू नाहीत ना?’ माझ्या शेजारी मुलाची मावशी उभी होती. आत कुणाला बरं नाही हे कळल्यावर आपुलकीनं डोकावायला आलेली. मी म्हणाले, ‘नाही, बाकी काही नाही.’

सोळा वर्षं रोज रात्री जेवणं झाली की मी माझ्या हातानं सासूबाईंना लिथियमच्या तीन गोळ्या देत आले होते. तरी ‘नाही’ म्हणताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. इतकी सवय झाली होती त्या उत्तराची.

ही गोष्ट २०१९ च्या जूनमधली. आम्ही बार्शीचे. माझं लग्न २००३ साली झालं. सगळे पाहुणे गेल्यावर, आठवड्याभरानं ह्यांनी मला गोळ्यांचा डबा दाखवला. म्हणाले, ‘आईला रात्री तीन द्यायच्या. कुणी विचारलं तर झोपेच्या आहेत म्हणायचं.’ मग हळूहळू सगळं कळत गेलं. १९९३ साली, हे दहावीत असताना, सासूबाईंची झोपच उडाली होती. रात्री दोन वाजता मोठमोठ्यानं अभंग म्हणायच्या, घरातली पितळेची भांडी काढून रस्त्यावरच्या बायकांना वाटून टाकायच्या, सासऱ्यांच्या पगाराचे पैसे दोन दिवसांत संपवायच्या. आणि ते ओसरलं की चार-चार महिने अंथरुणाला खिळून. वेणीफणी नाही, बोलणं नाही. देवऋषी झाले, गंडेदोरे झाले. शेवटी सोलापूरच्या एका मानसोपचार डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, बायपोलर, आणि लिथियम सुरू केलं. त्यानंतर पुन्हा तसं कधी झालं नाही. मी पाहिलेल्या सासूबाई म्हणजे पहाटे उठून सडा-रांगोळी करणारी, हिशेबाला पक्की, तोंडानं जरा फटकळ अशी बाई. मला तर सुरुवातीला खोटंच वाटायचं सगळं.

हे औषध देताना अधूनमधून रक्त तपासायचं असतं. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवं. कमी पडलं तर उपयोग नाही, दीडच्या पुढे गेलं की विषच. गुण येण्याची मात्रा आणि विष होण्याची मात्रा यात इतकं थोडं अंतर असलेली औषधं फार नाहीत. सोलापूरचे डॉक्टर होते तोवर ते चिठ्ठी लिहून तपासणी करून घ्यायचे. ते निवृत्त झाले आणि आम्ही काय केलं, तर त्यांची जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून गोळ्या आणत राहिलो. शेवटची तपासणी २०१६ ची. बरं चाललंय तर कशाला सोलापूरची खेप, असा विचार. खरं कारण वेगळं होतं. त्या दवाखान्याच्या पाटीखाली ओळखीचं कुणी भेटायला नको.

त्या वर्षी पाडव्यानंतर सासूबाईंचं बीपी वाढलेलं निघालं. गावातल्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली, त्यात बीपीच्या औषधासोबत लघवी वाढवणारं औषधही होतं. ‘मीठ कमी करा’ म्हणाले. मी काय, एकदा मनावर घेतलं की घेतलंच! लोणचं, पापड, सांडगे सगळं बंद. आमटीत त्यांच्यापुरतं मीठच घालेना. मेअखेर गुडघे दुखायला लागले म्हणून मेडिकलवाल्याला सांगून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, त्या सकाळ-संध्याकाळ. बीपीच्या डॉक्टरांना लिथियम सांगितलं नव्हतं. मेडिकलवाल्याला लिथियम माहीत होतं, पण त्यालाही काही सुचलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चहा बशीत ओतताना त्यांचा हात एवढा हलला की चहा पदरावर सांडला. हाताला बारीक थरथर त्यांना आधीपासून होती. सुईत दोरा मीच ओवून द्यायचे. त्या गोळीनं तसं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण ही थरथर निराळी होती. जाडीभरडी, हात झटकल्यासारखी. मी पाहिलं, आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं.

मग आली निर्जळी एकादशी. पाऊस लांबलेला, घराच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या. सासूबाईंचं माहेर माळकरी, त्यामुळे पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी उपास सोडला आणि संध्याकाळपासून जुलाब सुरू झाले. शिळंपाकं बाधलं असेल म्हणून मी ताक दिलं. शनिवारी बोलणं जड यायला लागलं, शब्द एकमेकांत अडकल्यासारखे. चालताना पाय फेंगडे टाकत होत्या, भिंत धरून. झोपाळल्यासारख्या, मधेच काहीतरी असंबद्ध. आणि नेमकं रविवारी भाचीला बघायला मंडळी यायची होती. मुलगा बार्शीचाच म्हणून कार्यक्रम आमच्या घरी ठेवलेला.

वन्सं शुक्रवारीच आल्या होत्या. आईची अवस्था बघून त्यांचा चेहरा उतरला. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, ‘अगं, आईचं परत सुरू झालं वाटतं. रविवारपर्यंत निभावलं पाहिजे. एक गोळी जास्त दे.’ ह्यांनीही मान हलवली. आणि मी दिली. शुक्रवारी चार आणि शनिवारी चार.

हे लिहिताना अजून हात थांबतो. आम्हाला सगळ्यांना एकाच गोष्टीची भीती होती, जुना आजार परत येण्याची. त्यामुळे जे दिसेल ते आम्हाला तोच आजार वाटत होतं. उन्मादात माणूस असा पेंगत नाही, त्याला जुलाब होत नाहीत, त्याचे पाय लटपटत नाहीत, हे ज्यांनी १९९३ साल स्वतः पाहिलं होतं त्यांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी पोहे चालू असताना सासूबाईंना उलटी झाली, म्हणून ह्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. पुढचं मघाशी सांगितलंच. ‘नाही, बाकी काही नाही.’ डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं, मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं आणि गेले. त्यांची काही चूक म्हणता येणार नाही. त्यांनी विचारलं होतं.

रात्री साडेअकराला मी पाणी पाजायला गेले, तर गालाचा आणि दंडाचा स्नायू आपोआप उडत होता, टिचक्या मारल्यासारखा. मी हाक मारली, ‘आई, अहो आई.’ डोळे उघडले, पण ओळख नाही. मला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारली. तेव्हा मात्र ह्यांनी गाडी काढली. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. निघताना मी काय सुचलं कोण जाणे, गोळ्यांचा डबाच पिशवीत टाकला होता.

कॅज्युअल्टीत जी डॉक्टर होती ती माझ्या भाचीच्या वयाची. तिनंही तोच प्रश्न विचारला. ह्यांनी सुरुवात केली, ‘बीपीची...’ मी मधेच पिशवी टेबलावर उपडी केली. तिनं एकेक पाकीट उचलून वाचलं आणि लिथियमचं पाकीट हातात धरूनच विचारत गेली. हे किती वर्षांपासून? रोज किती? शेवटची गोळी कधी दिली? रक्त कधी तपासलं होतं? बीपीची गोळी कधी सुरू झाली? मी सगळं सांगितलं, त्या चौथ्या गोळीसकट. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत, काकू.’

रक्त घ्यायला आलेल्या मुलाला ती म्हणाली, ‘हिरव्या बुचाची नळी नको.’ नंतर मी विचारलं तेव्हा कळलं, त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यातच बहुधा लिथियम असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर आकडा खोटाच फुगतो. बघा, किती बारकावे असतात.

रिपोर्ट आला. लिथियम २.९. क्रिएटिनिन २.६, म्हणजे मूत्रपिंडंही थकलेली. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. लिथियम हे मिठातल्या सोडियमच्या नात्यातलं. आपल्या मूत्रपिंडाला या दोघांतला फरक नीटसा कळत नाही. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड मीठ अडवून धरतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडवलं जातं. आता मोजा म्हणाले. लघवी वाढवणारी गोळी, त्यातलंच दुसरं बीपीचं औषध, गुडघ्याची गोळी, मीठ बंद, निर्जळी उपास, जुलाब. यातली प्रत्येक गोष्ट रक्तातलं लिथियम वाढवते. तुमच्याकडे सगळ्या एकदम झाल्या. वरच्या दोन गोळ्यांचा भार त्यात आणखी. पण त्या दिल्या नसत्या तरी विष चढतच होतं, तीन गोळ्यांवरच.

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

यावर उतारा असं औषध नाही. कोळशाची पूड देऊन काही विषं शोषून घेता येतात, पण लिथियम त्या कोळशाला चिकटत नाही. गोळ्या बंद करायच्या, सलाईननं पाणी-मीठ भरून काढायचं आणि रक्तातल्या सोडियमवर सारखी नजर ठेवायची. कारण लिथियमवर वर्षानुवर्षं असलेल्या माणसाचं मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही, लघवी फार होते आणि सलाईननं सोडियम भलतंच वाढू शकतं. आणि शुद्ध हरपलेली असेल, झटके येत असतील, तर डायलिसिस.

डायलिसिस म्हटल्यावर हे मटकन खाली बसले. आपल्याकडे डायलिसिस म्हणजे किडन्या गेल्या, आता आयुष्यभर आठवड्यातून दोनदा, असंच समजतात. डॉक्टर म्हणाले, ‘किडनीसाठी नाही हो, रक्तातून लिथियम धुऊन काढण्यासाठी. हे विष डायलिसिसनं छान निघतं.’ ह्यांचा हात कागदावर चालेना. सही मी केली.

सहा तास मशीन चाललं. आकडा १.३ वर आला. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं तर १.९! मी तर घाबरून गेले. पण डॉक्टरांना ते अपेक्षितच होतं. रक्त धुतलं जातं, पण पेशींच्या आत साठलेलं लिथियम मग हळूहळू रक्तात उतरतं. म्हणून काही तासांनी पुन्हा तपासायचंच. दुसऱ्या दिवशी परत डायलिसिस झालं, मग आकडा एकच्या खाली आला आणि तिथेच राहिला.

सासूबाई मात्र शुद्धीवर येईनात. रिपोर्ट चांगला, आणि बाई डोळे उघडत नाही. ते दोन दिवस सगळ्यात कठीण गेले. मेंदूतून लिथियम फार सावकाश निघतं, रक्त आधी स्वच्छ होतं आणि मेंदू मागून, असं सांगायचे. काही जणांत चालण्या-बोलण्याचा दोष कायमचा राहतो, हेही त्यांनी लपवलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते, तर जड जिभेनं म्हणाल्या, ‘हळू ओढ की गं.’ मी आयसीयूच्या बाहेर येऊन रडले.

घरी आणल्यावरही दीड महिना भिंत धरून चालल्या. ठिपक्यांच्या रांगोळीची ओळ सरळ यायला गणपती उजाडले.

त्या मधल्या काळात मी या औषधाबद्दल मिळेल ते वाचलं. मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच हे लिथियम, हे वाचून आधी अंगावर काटाच आला. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि वर्षानुवर्षं इस्पितळात राहिलेली माणसं शांत झाली. आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं, त्याच सुमारास अमेरिकेत मीठ बंद केलेल्या हृदयाच्या रुग्णांसाठी मिठाऐवजी लिथियमचं मीठ बाजारात विकलं जात होतं. लोक ते जेवणावर भुरभुरवून खायचे. त्यात माणसं दगावली आणि ते १९४९ मध्येच बाजारातून काढून घ्यावं लागलं. या धसक्यातून बाहेर पडून अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं. मीठ तोडलेला माणूस आणि लिथियम! आमच्या स्वयंपाकघरात मी तेच तर करून ठेवलं होतं.

आता सोलापूरला नव्या मानसोपचार डॉक्टर आहेत. त्यांनी आधी लिथियम बंद ठेवून दुसरं औषध दिलं, बीपीची गोळीही बदलायला लावली. गुडघ्यासाठी शेक, व्यायाम आणि लागलीच तर पॅरासिटामॉल. सासूबाई त्या दुसऱ्या औषधानं दिवसभर पेंगायच्या, वजन वाढलं. दिवाळीच्या सुमारास त्याच म्हणाल्या, ‘बाई, मला माझी जुनी गोळी परत द्या. सव्वीस वर्षं तिनं मला सांभाळलं.’ ह्यांचा विरोध होता, माझाही होता, खरं सांगते. डॉक्टर बाईंनी मूत्रपिंडाचे रिपोर्ट तीन वेळा पाहिले, ते पूर्ववत झाले होते, मग रात्री दोन गोळ्या सुरू केल्या. आठवड्यानं रक्त, नंतर दर तीन महिन्यांनी. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी सहा महिन्यांनी, कारण या औषधानं थायरॉईड मंदावतं. रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. म्हणजे रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला सुई. आकडा ०.६ च्या आसपास असतो. मीठ रोज सारखं, ना वाढवायचं ना तोडायचं. जुलाब-उलट्या झाल्या, कडक ताप आला, खाणंपिणं तुटलं, तर त्या रात्रीची गोळी द्यायची नाही आणि आधी फोन करायचा. हातांची थरथर वाढली, बोलणं अडखळलं, तोल जायला लागला, माणूस पेंगायला लागला, तर फोन नाही, थेट दवाखाना, आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत. एखाद्या लेकीसुनेला ही गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. गरोदरपणात आणि बाळंतपणात हे प्रमाण फार खालीवर होतं. पण घाबरून आपल्या मनानं गोळी एकदम तोडायची नाही, तसं केलं तर मूळ आजार उसळून येतो.

आणि हो, भाचीचं. चार दिवसांनी मुलाकडून नकार आला, कारण दिलं नाही. वन्सं त्या वर्षी दिवाळीला आल्या नाहीत. इस्पितळात सगळ्यांसमोर डबा उपडा केलास, असं ह्यांच्याजवळ बोलल्या म्हणे. आता येतात. पण बोलता बोलता तो विषय निघाला की अजूनही उठून आत जातात.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी गेलो होतो. बाकावर आमच्याच गल्लीतल्या दोघीतिघी बसल्या होत्या. सिस्टरनं वही उघडून विचारलं, ‘आजी, काही गोळ्या चालू आहेत का?’ मी पर्समधून कागद काढेपर्यंत सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘लिहून घ्या. लिथियम. ३०० च्या दोन, रात्री. पुढचं रक्त पाच तारखेला.’ मग माझ्याकडे वळून, ‘बीपीच्या गोळीचं नाव तू सांग, ते मला मेलं तोंडात बसत नाही.’